भूत उतरवणाऱ्याचा अधिकार

माणसाच्या अंगात शिरलेली परकी शक्ती ओळखायची, तिला बोलते करायचे आणि हुसकून लावायचे, हे काम करणारा माणूस बहुतेक सगळ्या धर्मपरंपरांत आढळतो. महाराष्ट्राच्या देशावर तो देवऋषी किंवा मांत्रिक असतो, दक्षिण कोकणात घाडी, आदिवासी पाड्यांवर भगत. मुस्लिम समाजात हे काम आमिल करतो, कॅथलिक चर्चमध्ये बिशपने नेमलेला पाद्री. पुजारी देवाची सेवा करतो, वैद्य रोगावर औषध देतो, ज्याच्या अंगात वारे येते तो देवाचा निरोप सांगतो. भूत उतरवणारा या तिघांच्याही हद्दीत थोडाथोडा शिरतो आणि म्हणूनच तिघांनाही खुपतो.

भुते आहेत की नाहीत, हा वाद जुन्या धर्मग्रंथांनी फारसा घातलेला नाही. ती आहेत, असे त्यांनी धरूनच चालले होते. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: भुताला ‘नीघ’ म्हणून सांगण्याचा अधिकार कोणाला, आणि तो त्याला दिला कोणी? या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास पाहिला, तर धर्मपरंपरांनी भुतांना आवरण्यापेक्षा भुते काढणाऱ्यांना आवरण्यासाठीच जास्त शक्ती खर्च केली, असे दिसते.

भारतात या विद्येच्या पाऊलखुणा अथर्ववेदापर्यंत जातात. पिशाच, राक्षस, गंधर्व आणि अप्सरा यांना पळवून लावणारी सूक्ते त्यात आहेत, आणि त्यांच्या जोडीला गुग्गुळासारख्या उग्र वासाच्या वनस्पतीही आहेत. मंत्र आणि औषध यांची फारकत तेव्हा झालेली नव्हती. पुढे आयुर्वेदाने आपली आठ अंगे ठरवली, तेव्हा शल्य, शालाक्य, कायचिकित्सा यांच्या रांगेत ‘भूतविद्या’ हेही एक अंग मानले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात देव, असुर, गंधर्व, यक्ष, पितर, नाग, राक्षस आणि पिशाच असे ग्रहांचे आठ वर्ग येतात आणि प्रत्येकाने पछाडलेल्या रोग्याची लक्षणे वेगवेगळी सांगितलेली आहेत. पण तिथेच सुश्रुत एक खुबीदार कलम घालतो. हे ग्रह स्वतः माणसांत मिसळत नाहीत आणि माणसांच्या अंगात शिरतही नाहीत. शिरतात ते त्यांचे असंख्य अनुचर. जो याउलट सांगतो, त्याला भूतविद्येचे ज्ञान नाही असे समजून दूर ठेवावे. ‘याच्या अंगात साक्षात देव आला आहे’ असे सांगून धाक घालणाऱ्याची वाट सुश्रुताने अशी आधीच अडवून ठेवली.

चरकसंहिता आणखी पुढे जाते. उन्मादाच्या निदानात ती म्हणते की, जो स्वतःच्या कर्माने आधी क्लेशात पडलेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस त्रास देत नाहीत. तेव्हा आपल्या प्रज्ञापराधाचे खापर त्यांच्यावर फोडू नये. बळी, होम आणि मंत्र यांना चरकाच्या चिकित्सेत जागा आहे, पण तुपाचे औषधी पाठ, नस्य आणि अंजन यांच्या पंगतीत. भुताशी संवाद साधणाऱ्या वेगळ्या माणसाची वैद्याला गरज उरू नये, अशीच ही मांडणी आहे. प्रत्यक्षात ती उरली. ग्रंथातली भूतविद्या हळूहळू पोथीत पडून राहिली आणि गावातला मांत्रिक आपला धंदा करत राहिला.

पश्चिमेकडे हाच प्रश्न ‘नव्या करारा’तल्या एका प्रसंगात उघडपणे पुढे येतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशू भुते काढतो ती स्वतःच्या शब्दाने. त्याला मंत्र लागत नाही, धूप लागत नाही. त्याचे शिष्य ती काढतात येशूच्या नावाने. हे नाव परिणामकारक आहे म्हटल्यावर बाहेरच्यांनीही ते वापरायला सुरुवात केली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात स्केवा नावाच्या यहुदी याजकाचे सात मुलगे इफिसमध्ये तसाच प्रयोग करायला जातात. तेव्हा भूत त्यांना उलट सवाल करते: येशू मला ठाऊक आहे, पौलही ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? आणि झपाटलेला माणूस त्यांच्यावर अशी झडप घालतो की ते उघडेवाघडे, रक्तबंबाळ होऊन घराबाहेर पळत सुटतात. नाव बरोबर होते, उच्चार बरोबर होता. पाठीशी कोणी नव्हते.

चर्चने या गोष्टीचा अर्थ फार गंभीरपणे घेतला. आरंभीच्या काळात भूत काढणे ही देणगी होती, ज्याला लाभली तो ती वापरी. तिसऱ्या शतकापर्यंत तिचे पद झाले. पोप कॉर्नेलियस यांनी २५१ साली अँटिओकच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात रोमच्या चर्चमधल्या सेवकांची मोजदाद आहे: ४६ पुरोहित, ७ डीकन, आणि भूत काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२ जण. द्वारपालांबरोबर एकाच ओळीत मोजला गेलेला हा माणूस कोणी विलक्षण सिद्धपुरुष नव्हता. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांवर नेमाने प्रार्थना म्हणणारा तो एक कनिष्ठ कर्मचारी होता. पुढे शतकानुशतके पाद्री होण्याच्या वाटेवरची एक पायरी एवढेच त्या पदाचे स्वरूप राहिले, आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी ते पदच रद्द केले.

खऱ्याखुऱ्या झपाटलेल्यांसाठीचा विधी मात्र वेगळा होता. रोमने १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या विधिग्रंथात तो नीट बांधून दिला, आणि त्याच्या सुरुवातीच्या सूचना आजही वाचण्याजोग्या आहेत. कोणाला भूत लागले आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. आजार आणि विषण्णता यांतून ते वेगळे ओळखावे. कधी न शिकलेली भाषा बोलणे, दूरच्या किंवा गुप्त गोष्टी सांगणे, वयाला न शोभणारे बळ दाखवणे, ही लक्षणे पाहावीत. भुताला फक्त नाव, संख्या, शिरल्याची वेळ आणि कारण विचारावे. भविष्य किंवा गुपिते विचारू नयेत आणि त्याची वायफळ बडबड बंद करावी. विधी करणाऱ्याने रोग्याला औषध देऊ नये, ते वैद्यावर सोडावे. अँग्लिकन चर्चने त्याआधी दहा वर्षे, १६०४ साली, आणखी कडक नियम केला होता: बिशपच्या परवान्यावाचून उपवास-प्रार्थनेने भूत काढू पाहणारा पुरोहित भोंदू ठरेल.

नियम असले तरी लोकप्रियता नियमांना जुमानत नाही. १७७४-७५ मध्ये दक्षिण जर्मनीत योहान योसेफ गासनर या पाद्र्याकडे हजारोंनी लोक लोटू लागले. त्याची पद्धत चमत्कारिक होती. आधी तो येशूच्या नावाने आजाराला वाढण्याची आज्ञा करी. लक्षणे वाढली तर ते भूत, नाही वाढली तर रोग्याने डॉक्टरकडे जावे. त्याच सुमारास फ्रान्झ मेस्मरने म्युनिकमध्ये तशीच लक्षणे देवाचे नावही न घेता, आपल्या ‘प्राणिज चुंबकत्वा’च्या सिद्धांताने उमटवून आणि शमवून दाखवली. राज्यसत्तेने आणि धर्मसत्तेने गासनरला आवरले आणि एका लहान गावात त्याची रवानगी झाली. आधुनिक मानसोपचाराचा इतिहास लिहिणारे बरेच जण या सामन्यापासून सुरुवात करतात. निकाल मेस्मरच्या बाजूने लागला. पण त्याचा सिद्धांतही पुढे टिकला नाही, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

विसाव्या शतकात परवाना असूनही अनर्थ झाला. जर्मनीतल्या क्लिंगेनबर्गची अ‍ॅनेलिसे मिशेल ही विद्यार्थिनी अपस्मारासाठी औषधे घेत होती. १९७५ साली बिशपने विधीला संमती दिली, दोन पाद्र्यांनी सुमारे दहा महिन्यांत ६७ वेळा तो केला, आणि १ जुलै १९७६ रोजी ती उपासमारीने आणि शरीरातले पाणी कमी होऊन मेली. वय २३. दोन वर्षांनी न्यायालयाने आई-वडील आणि दोन्ही पाद्री यांना निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरवले. नियमपुस्तकातली परवान्याची अट कागदावर पाळलेली होती. वैद्याचे काम वैद्याकडे सोडावे हा १६१४ चा साधा नियम तेवढा पाळला गेला नाही. १९९९ साली आलेल्या सुधारित विधिग्रंथात वैद्यकीय आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यावर अधिक भर आहे.

महाराष्ट्रातल्या देवऋषीवर असा कोणी बिशप नाही. त्याचा अधिकार तीन वाटांनी येतो: घराण्यातून, गुरूकडून मंत्र घेऊन, किंवा स्वतः एकदा झपाटला जाऊन त्यातून सुटल्यामुळे. दक्षिण कोकणात घाडी हा गावाचा मानकरीच असतो. देवाला गाऱ्हाणे घालायचे आणि गावच्या सीमेवरच्या देवचाराला त्याची जागा दाखवायची, हे त्याचे परंपरागत काम. तिथे निदानही एकटा माणूस करत नाही. देवाला कौल लावतात, मूर्तीवर चिकटवलेली फुले किंवा पाकळ्या उजवीकडून पडतात की डावीकडून, ते चारचौघांसमोर पाहतात. अधिकार गावऱ्हाटीत वाटून दिलेला असल्यामुळे घाड्याला मनमानी करणे अवघड जाते.

देशावरचा देवऋषी बहुतेक एकटाच असतो. ‘बाहेरचं झालंय’ अशी शंका आली की घरातली मंडळी त्याच्याकडे जातात. तो नाडी पाहतो, किंवा रोग्यावरून ओवाळून आणलेले धान्य मुठीत घेऊन दाणे मोजतो. सम-विषमावरून बाधा आहे की नाही ते ठरते. असेल तर ती कोणाची: मुंजाची, हडळीची, आसरांची की घरातल्याच कोणा अतृप्ताची? मग धूप घालून रोग्याला घुमवतात आणि प्रश्न सुरू होतात. तू कोण, कुठे धरलेस, काय हवे? उत्तरे बहुतेक वेळा फार साधी असतात. बाळंतपणात गेलेलीला हिरवी चोळी हवी असते, सोडमुंज न झालेल्या पोराला लग्नाची हौस राहिलेली असते, कोणाला नुसता दहीभात पाहिजे असतो. मागणी कबूल झाली की भुताकडून जाण्याचे वचन घेतात. लिंबू, नारळ, भात, कधी कोंबडे असा उतारा तिन्हीसांजेला तिठ्यावर किंवा वेशीबाहेर ठेवतात. ठेवणाऱ्याने मागे वळून पाहायचे नाही. हट्टी भूत असेल तर रोग्याच्या केसांची बट कापून झाडाला खिळ्याने ठोकतात.

या रीतींची पहिली मोठी नोंद ब्रिटिश अमदानीत झाली. ए. एम. टी. जॅक्सन या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने शाळामास्तरांकडून प्रश्नावलीने लोकसमजुती गोळा करवल्या होत्या. १९०९ साली नाशिकचा कलेक्टर असताना अनंत कान्हेरे यांच्या गोळीने तो मारला गेला आणि त्याच्या मागे राहिलेली टिपणे आर. ई. एन्थोवेन यांनी गुजरात आणि कोकण अशा दोन भागांत छापली. विजयानंद नाट्यगृहातला तो प्रसंग मराठी माणसाला पाठ असतो. कोकणातली भुते कोणत्या झाडावर राहतात याची यादी त्याच माणसाच्या खटपटीतून जमली, हे मात्र क्वचितच कोणाला माहीत असते.

मराठी परंपरेत या सगळ्याहून वेगळी आणि अधिक खोल वाट आहे ती दत्तक्षेत्रांची. सरस्वती गंगाधराच्या गुरुचरित्रात शिरोळच्या एका बाईची कथा येते. तिची मुले जन्मून मरतात. कारण असे निघते की मागच्या जन्मी तिने एका ब्राह्मणाचे द्रव्य बुडवले, त्याने जीव दिला, आणि तो पिशाच होऊन तिच्या संततीवर उठला आहे. नृसिंह सरस्वती तिला औदुंबराची सेवा सांगतात. पिशाच स्वप्नात येऊन तिला मारू लागते, ती औदुंबराकडे धावते आणि गुरू मध्ये पडतात. पण ते पिशाचाला झोडपत नाहीत. त्याचे म्हणणे ऐकून घेतात. त्याचे घेणे खरे आहे, बाईची ऐपत मात्र उरलेली नाही. निवाडा असा होतो की बाईने जमेल तेवढे द्रव्य खर्चून त्याचे और्ध्वदेहिक करावे, त्याला गती मिळेल, आणि त्याने तिला सोडावे. इथे भूत म्हणजे शत्रू नसून धनको आहे आणि गुरू हा मांत्रिक नसून न्यायाधीश आहे.

आजही नरसोबाची वाडी आणि गाणगापूर इथे भूत काढायला कोणी खास माणूस नेमलेला नसतो. गाणगापूरला आरतीच्या वेळी नगारे-घंटा सुरू झाल्या की बाधा झालेली माणसे किंचाळतात, खांबांवर चढतात, तिथून देवाशी भांडतात, दयेची याचना करतात. पुजारी आरती करत राहतो. रोग्याला विचारणारे, मारणारे, सौदा करणारे कोणी नाही. जे काही करायचे ते स्थान करते, असा भाव. राजस्थानातल्या मेहंदीपूरला तर सगळी भाषाच कचेरीची आहे: आधी दरख्वास्त, मग अर्जी, मग भुताची पेशी. बालाजीच्या जोडीला प्रेतराज आणि कोतवाल भैरव बसलेले असतात. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९८२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या देवस्थानाचे तपशिलाने वर्णन केले आहे. गुजरातमधल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यातही रोगी येतो तो ‘हाजिरी’ द्यायला. तीन ठिकाणी तीन धर्मभावना, पण युक्ती एकच: काढणाऱ्या माणसाला बाजूला सारून त्याच्या जागी दरबार बसवायचा. दरबाराला लाच देता येत नाही आणि दरबार रोग्याच्या शेजारणीवर डूख धरत नाही.

महानुभावांच्या स्थानांवरही अशा रोग्यांची गर्दी असते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टान्स यांनी महाराष्ट्रातल्या अशाच एका स्थानाचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते अनपेक्षित होते. रोग्याला घेऊन आलेल्या आया आणि बायका स्वतःच घुमत होत्या. मुलाचे किंवा नवऱ्याचे दुखणे आपल्या अंगावर यावे अशी देवाला विनवणी करत होत्या. उपचाराचा सगळा भार घरातल्या बाईने उचललेला. देवऋषीच्या खोलीत जे दिसत नाही ते इथे दिसते: भूत एकाला लागते, भोगते मात्र सगळे घर.

वारकरी संतांनी या व्यवसायाची मनसोक्त टर उडवली. त्यांतला सर्वांत मिस्कील एकनाथ. त्यांच्या एका भारुडात देवऋषी आणला आहे, लिंबू, नारळ, कोंबड्याचा उतारा केला आहे, पण भूत हटायला तयार नाही. कारण हे भूत नारदालाही लागलेले, ध्रुवालाही लागलेले; ते परमात्म्याचेच आहे. झपाटले जाणे वाईट नाही, कोणाकडून हा प्रश्न, असे सांगताना एकनाथांनी देवऋषीचे सगळे सामान वापरले आणि देवऋषीला तेवढे निकामी केले. त्याच्यावर याहून घातक हल्ला कोणा सुधारकालाही जमलेला नाही.

तरीही देवऋषी टिकला, कारण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी डॉक्टरकडेही नाही आणि कीर्तनकाराकडेही नाही: तो घरातल्या दुखण्याला नाव देतो. त्याचा उपयोग तिथे आहे आणि धोकाही तिथेच आहे. नाव मेलेल्याचे घेतले, तर एक चोळी आणि एक उतारा यांवर प्रकरण मिटते. नाव जिवंत माणसाचे घेतले, ‘अमकीने करणी केली’ म्हटले, की त्या बाईचे गावात राहणे कठीण होते. आदिवासी भागांत भगताने डाकीण किंवा भुताळी ठरवलेल्या बायकांना मारहाण झाली, गाव सोडावे लागले, काहींचे जीव गेले. रोमच्या १६१४ च्या नियमाने भुताला गुपिते विचारायला मनाई केली, त्यामागचे शहाणपण इथे कळते. झपाटलेल्याच्या तोंडून निघालेले नाव हा पुरावा धरला, तर न्यायाधीश, फिर्यादी आणि साक्षीदार एकाच खोलीत बसलेले असतात.

दुसरा धोका कोंडून ठेवण्याचा. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याभोवती मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवणारी खासगी आश्रयस्थाने होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एका ठिकाणी आग लागली आणि साखळदंडातले २८ जण मेले. त्या घटनेनंतर सरकारांना आणि न्यायालयांना या जागांकडे वळून पाहणे भाग पडले. उनावाला पुढे वेगळा प्रयोग झाला. दर्ग्याच्या आवारात मनोविकारतज्ज्ञ बसू लागले आणि मुजावरच रोग्यांना त्यांच्याकडे पाठवू लागले. दवाही आणि दुवाही, असे त्याचे नाव. मुजावराचा मान गेला नाही आणि रोग्याला गोळी मिळाली. बुद्धिवाद्यांना ही तडजोड पटत नाही. रोग्याच्या बाजूने पाहिले तर ती साखळीपेक्षा कितीतरी बरी आहे.

महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला; त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीतले पहिलेच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने होणाऱ्या कृत्यांचे आहे: दोरखंडाने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, केस उपटणे, चटके देणे, तोंडात जबरदस्तीने मलमूत्र घालणे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. ही यादी कोणाच्या कल्पनेतून आलेली नाही; यातले प्रत्येक कृत्य कुठे ना कुठे घडत आलेले आहे. भूत असते की नसते, याबद्दल हा कायदा एक अक्षर बोलत नाही.